ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, बचत गट यांना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग: कसं द्यावं, काय शिकवावं?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, सभासद दोनशेच्या आसपास, सध्या सचिव म्हणून मी काम बघतो. नगरपालिकेने विरंगुळा केंद्राला जागा दिलीय. पेपर येतात, कॅरम आहे, महिन्याचे वाढदिवस एकत्र होतात, वर्षातून एक सहल, १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम. बीपी-शुगरचे कॅम्प होतात, डोळे तपासणी होते. मनाच्या बाबतीत मात्र काहीच नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे यायचे बंद झालेले सभासद. एक गृहस्थ रोज सकाळी पेपर वाचायला पहिले हजर असायचे, बायको गेल्यावर दोन महिने आले आणि मग थांबलेच. कुणी विचारलं नाही असं नाही, पण विचारलं म्हणजे काय तर रस्त्यात भेटल्यावर "काय, येत नाही हल्ली?" आणि त्यांनी "बघू" म्हटलं, संपलं. एक काकू गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरातच आहेत, गुडघा बरा झालाय पण आता म्हणतात कशातच मन लागत नाही.

दरवर्षी एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान ठेवतो. हॉल भरतो, टाळ्या, चहा-बिस्किट, आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तिथेच. म्हणून आता नीट ट्रेनिंग करायचं ठरवतोय, आणि ते फक्त आमच्या संघाचं नाही, गावातलं भजनी मंडळ, दोन बचत गट, वाचनालय, महिला मंडळ ह्या सगळ्यांतून माणसं घ्यायची, कारण निम्मी म्हातारी माणसं आमच्याकडे येतच नाहीत, ती देवळात जातात नाहीतर कुठेच जात नाहीत. कुणाला ह्या कामाचा अनुभव आहे का? नक्की काय शिकवायचं, किती दिवस, आणि शिकवून झाल्यावर पुढे काय?

मांडवीतीर

फार चांगला विषय काढलात. मी गोव्यात ह्याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे ह्यावर पक्कं काम झालेलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली संगाथ ही संस्था माहीत असेल. तिथे साठीच्या पुढच्या लोकांसाठी डिप्रेशन यायच्या आधीच अडवता येतं का हे तपासायला एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १८१ ज्येष्ठ होते, सगळ्यांना थोडीफार उदासीची लक्षणं होती पण अजून पूर्ण आजार नव्हता. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, आणि अर्ध्यांना साध्या, डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या लोकांकडून काही भेटी. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटात साधारण १४.४ टक्के लोकांना डिप्रेशन झालं आणि भेटीवाल्या गटात ४.४ टक्के. आकडा लहान प्रयोगाचा आहे हे खरं, पण फरक बघा.

आता ते समुपदेशक भेटीत करत काय होते हे तुमच्या कामाचं आहे. मन मोकळं करा, सकारात्मक राहा असलं काही नाही. चार गोष्टी होत्या. अडचण एक एक करून सोडवायला मदत, झोपेचं वेळापत्रक, मधुमेह-बीपीसारखे आजार सांभाळायची माहिती, आणि सरकारी योजना मिळवून द्यायला हात.

झोपेचं मुद्दाम सांगते, कारण ज्येष्ठांची पहिली तक्रार तीच असते. आजोबा साडेआठला जेवून नऊला आडवे होतात, त्यांना झोप लागते साडेपाच-सहा तास, म्हणजे तीनला डोळे उघडणारच. मग तीन ते सहा अंथरुणात लोळत डोक्यात विचारांची भुणभुण, आणि दुपारी दोन तास झोप काढली की रात्रीची आणखी कमी. त्यांना वाटतं निद्रानाश झालाय, मेडिकलमधून गोळी आणतात, गोळीने रात्री उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. शिकवलेला कार्यकर्ता काय करतो तर आठवडाभर झोपेची नोंद ठेवायला सांगतो, मग झोपायची वेळ अकरावर नेतो, उठायची वेळ पक्की करतो, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणतो, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात पडून न राहता उठून बसायचं. याला पदवी लागत नाही. पण शिकवावं मात्र लागतं, आणि आठवड्याने परत जाऊन विचारावं लागतं. (आधीपासून गोळी चालू असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करायला सांगू नये, ते डॉक्टरांचं काम.)

गोदाकाठ

मांडवीतीर यांच्याशी पूर्ण सहमत. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आत्मीयता नावाचा प्रकल्प झाला होता, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने केलेला, पुढे तो गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत गेला आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चांगल्या उदाहरणांत त्याची नोंद घेतली. तो फक्त ज्येष्ठांसाठी नव्हता, पण त्याची रचना कृष्णाकाठचा यांना उपयोगी पडेल.

तिथे दोन थर होते. एक मित्र, म्हणजे गावातली अशी माणसं जी फक्त बघतात, कोण अडचणीत आहे ते ओळखतात आणि पुढे सांगतात. दुसरा थर थोड्या लोकांचा, त्यांना जास्त शिकवलेलं, ते घरी जाऊन चार-सहा वेळा बसतात, ऐकतात, रोजचं थोडं थोडं काम परत सुरू करायला मदत करतात, योजनेचे कागद करून देतात, आणि गरज असेल तर सरकारी दवाखान्यापर्यंत पोचवतात.

तुम्ही पण सगळ्यांना सगळं शिकवायला जाऊ नका. भजनी मंडळातल्या वीस जणांना अर्ध्या दिवसाचं, आणि सगळ्या संस्थांतून मिळून सात-आठ जण निवडून त्यांना खोलात. निवडताना अध्यक्ष, माजी अध्यक्ष, पुढारी नकोत. गावात ज्यांच्याकडे बायका आपणहून रडायला येतात अशी एखादी काकू प्रत्येक आळीत असते, ती घ्या, चौथी शिकलेली असली तरी चालेल.

निवृत्त_बँकर

भावना कळते, पण मला काही गोष्टी पटत नाहीत आणि त्या आत्ताच मांडलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट म्हणजे गावात गुपित राहत नाही. आज मी संघातल्या एखाद्याला सांगितलं की सुनेशी पटत नाही आणि जीव नकोसा झालाय, तर उद्या संध्याकाळपर्यंत ते सुनेच्या माहेरी पोचलेलं असेल. दुसरं, अर्धवट ज्ञान. दोन दिवस शिकून आलेला माणूस गावभर डिप्रेशन वाटत फिरणार, आधीच आपल्याकडे प्रत्येकाला दुसऱ्याला औषध सांगायची सवय. तिसरं म्हणजे जबाबदारी. कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं आणि आमचा माणूस आदल्या दिवशी त्याच्याकडे जाऊन आला असेल तर पोलीस कुणाला विचारणार? आमच्या शहरातल्या एका संघाने हॉलमध्ये सगळ्यांना मानसिक आरोग्याचा फॉर्म वाटला होता, शेजारी बसलेला डोकावून बघतोय आणि वरून माईकवर "ज्यांचे मार्क जास्त आलेत त्यांनी हात वर करा". माझ्या मित्राने त्यानंतर तिथे पाऊल टाकलं नाही. ज्येष्ठ माणूस एकवेळ पैसे मागेल पण असलं उघड व्हायला तयार होणार नाही.

चाफा

मी मानसोपचार विभागात काम करते. निवृत्त_बँकर यांचे तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि ट्रेनिंग हवं ते ह्याचसाठी असं माझं म्हणणं आहे.

फॉर्मबद्दल आधी. ज्येष्ठांसाठी पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, हो-नाहीत उत्तरं, पाचाच्या वर गुण आले तर पुढे तपासणी करावी एवढाच तिचा अर्थ. तो आजाराचा शिक्का नाही. हॉलमध्ये माईकवर ती घेणं हा शुद्ध अत्याचार आहे. माझ्या मते संघाने फॉर्म हातातच घेऊ नये. तुमच्या माणसाने ओळखायचं ते वागण्यातला बदल बघून. पूर्वी इस्त्रीचा शर्ट घालून येणारा माणूस दाढी न करता येतोय, भिशीचे पैसे विसरतोय, जेवण निम्म्यावर आलंय, पत्ते खेळताना चिडतोय, दर आठवड्याला वेगळ्या डॉक्टरकडे अंगदुखीसाठी जातोय. आपल्याकडची वडीलधारी माणसं "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत, ती म्हणतात अंगात बळ नाही, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, आता देवाने न्यावं. हे ऐकू आलं की "असं बोलू नये" म्हणून गप्प बसवायचं नाही, एवढं जरी शिकवलंत तरी पुष्कळ.

हे किती दबून राहतं बघा. देशभरात ज्येष्ठांचं मोठं सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं, त्यात साठीच्या पुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये डिप्रेशनची लक्षणं सापडली, आणि आधी डॉक्टरांनी निदान केलंय असं सांगणारे होते फक्त ०.८ टक्के. बाकीचे असेच घरात बसून आहेत, घरचे म्हणतात वयच झालंय.

दुसरं, सगळंच मनाचं नसतं हे पण शिकवा. थायरॉइड कमी असेल, बी १२ कमी असेल, रक्तातलं सोडियम उतरलं असेल, ऐकू कमी येत असेल, तरी माणूस सुस्त आणि तुटक होतो. आणि एखादे आजोबा परवापर्यंत नीट होते आणि आज एकदम असंबद्ध बोलायला लागले, माणसं ओळखेनात, तर ते डिप्रेशन नाही आणि स्मृतिभ्रंश तर नाहीच, लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं दुसरं काहीतरी असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, समजूत घालत बसायचं नाही.

पोलिसांच्या भीतीबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे. आणि मदतीला गेलेल्या माणसाने काय केलं हे लिहून ठेवलेलं असेल, वरच्या माणसाला त्याच दिवशी कळवलेलं असेल, तर घाबरायचं कारण उरत नाही. एकट्याने गुपचूप सांभाळायला गेलं की घोळ होतो.

कोकणकडा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ वगैरे काही नाही. काढायचा म्हटलं तर अख्खं गावच संघ होईल, कारण राहिलेत कोण तर म्हातारी माणसं. पोरं मुंबईत, नाहीतर पुण्याला. गणपतीला घर भरतं, शिमग्याला पालखीला सगळे येतात, मे महिन्यात नातवंडं आंबे खायला, आणि बाकी वर्षभर आई नाहीतर बाबा एकटे, कुत्रा आणि टीव्ही.

मला एवढं सांगायचंय की ट्रेनिंग घेताना फक्त संस्था बघू नका, माणसं कुणाकडे जातात आणि कोण त्यांच्या दाराशी जातं ते बघा. आमच्याकडे म्हातारीशी रोज बोलणारं कोण तर पोस्टमन, रेशन दुकानवाला, सकाळी पाव घेऊन येणारा सायकलवाला आणि देवळातला गुरव. पाववाल्याला सगळं माहीत असतं, कुणाचं दार आज उघडलं नाही, कुणाचे कालचे पाव तसेच पिशवीत लटकलेत. त्याला दोन दिवस बसवून शिकवायची गरज नाही, पण त्याच्याकडे एक नंबर हवा आणि तो नंबर उचलणारा माणूस हवा.

आणि दिवस बघून काम करा. आमच्याकडे गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर चाकरमान्यांच्या गाड्या गेल्या की पुढचे आठ-दहा दिवस फार वाईट जातात. घरात जास्तीच्या चादरी धुवायच्या पडलेल्या, निवगऱ्यांचं पीठ उरलेलं, आणि बोलायला कोणी नाही. मी स्वतः बघितलंय, ह्या दिवसांत आमच्या वाडीतल्या बायका जेवण करत नाहीत, चहा-बटर खाऊन राहतात. आमच्या भजनी मंडळाने गेल्या दोन वर्षांपासून एक केलंय, विसर्जनानंतरच्या आठवड्यात भजन देवळात न करता रोज एकेका घरी करायचं, जिथे माणूस एकटा आहे तिथे. ह्याला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, पण चाफा म्हणतात तसं आणखी काय बघायचं हे कळलं असतं तर त्या भेटीतून जास्त काही झालं असतं.

पाऊलवाट

मी आशा गटप्रवर्तक आहे. आमच्या आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, त्यात आता मनाचे दोन प्रश्न पण आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का आणि उदास वाटलं का. साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, विसरायला होतं का. प्रश्न विचारतो, टिक करतो, पण पुढे कोण बघणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे ऐंशी पेशंट उभे असतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे पण तिथे न्यायला कुणी सोबत हवं, एसटी पंचाहत्तरीनंतर फुकट आहे तरी म्हातारं माणूस एकटं जात नाही. त्यामुळे संघ, बचत गट पुढे येत असतील तर आम्हाला हवेच आहेत. कृष्णाकाठचा काका, तुमच्या भागातल्या आशाताईला पहिल्या मीटिंगपासून घ्या, नंतर पत्र पाठवू नका.

आणखी एक. आम्ही ज्याला टेन्शन म्हणतो त्यातलं अर्धं पैशाचं असतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये, ते तीन महिने आले नाहीत की आजी जेवत नाही, रडते, झोपत नाही. कारण काय तर आधार बँकेला जोडलेलं नाही, किंवा अंगठ्याचे ठसे मशीन घेत नाही, किंवा हयातीचा दाखला राहिलाय. तिला मन शांत ठेवा म्हणून काय उपयोग? बँकेत सोबत जाऊन ते काम झालं की आजी दुसऱ्या दिवशी हसते. गोव्याच्या त्या प्रयोगात योजनांचं काम होतं हे वाचून बरं वाटलं. तुमच्या संघात रिटायर बँकवाले, तलाठी, पोस्टातले असतील ना, त्यांना हेच काम द्या, त्यांनाही आपण उपयोगाचे आहोत असं वाटेल.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. आई-बाबा पुण्यात, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे. व्हिडिओ कॉलवर कायम "सगळं छान आहे गं", आणि मग शेजारच्या मावशींकडून कळतं की बाबा तीन आठवडे खाली उतरले नाहीत. तिथल्या संघात अशी शिकलेली माणसं असती तर मी त्यांना फोन करून सांगू शकले असते की जाऊन या.

आणि इथली पण बाजू आहे. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आई-वडील, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, नातवंडं इंग्लिशमध्ये बोलतात. आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सव, दिवाळी, नाटक सगळं होतं, पण ह्या लोकांकडे वर्षभर कुणी बघत नाही. तुमचं ट्रेनिंगचं साहित्य मराठीत तयार झालं तर आम्हाला द्याल का? इथे मराठीत काही मिळत नाही.

सांजपाऊल

थोडं वेगळं लिहिते. माझ्या मिस्टरांना सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. त्याआधी ते आमच्या भागातल्या संघाचे कार्यकारिणी सदस्य होते, सहलीचे हिशेब तेच ठेवायचे. हिशेब चुकायला लागले तेव्हा लोक कुजबुजले, पैसे खाल्ले असं पण एकाने म्हटलं. मग तीच तीच गोष्ट परत सांगायला लागले तसे लोक दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे. कॅरमला बोलवेनात. त्यांना कळत होतं. ते विसरत होते पण आपल्याला टाळतात हे त्यांना पक्कं कळत होतं, आणि घरी येऊन माझ्यावर चिडायचे. शेवटी जाणंच बंद केलं आम्ही.

आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना हा आजार आहे असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दोनशेच्या संघात पंधरा. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये हे घ्याच, कृपा करून घ्या. तेच तेच बोलणाऱ्याशी कसं बोलायचं, "अहो आत्ताच सांगितलंत" असं तोंडावर म्हणायचं नाही, परीक्षा घेतल्यासारखं "मला ओळखलंत का, सांगा बघू कोण" असं विचारायचं नाही, आपलं नाव आधी सांगायचं. हिशेब जमत नसेल तर खुर्च्या मांडायचं काम द्या, प्रार्थनेला उभं करा. यांना अजून अख्खं पसायदान, आरत्या पाठ आहेत, काल काय जेवले ते आठवत नाही तरी.

आणि सांभाळणारी बायको पण सत्तरीची असते हे विसरू नका. मला कुणी विचारलं तुला काय हवं तर मी म्हणेन आठवड्यातून दोन तास, कुणीतरी यांच्यापाशी विश्वासाने बसावं, म्हणजे मी बँकेत जाईन, नाहीतर नुसती देवळात बसून येईन.

गोदाकाठ

सांजपाऊलताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. दोन तास सोबत बसणं हे संघाने नक्की उचलावं, दोघांच्या जोडीने जायचं म्हणजे जाणाऱ्यालाही धीर असतो.

चाफा

सांजपाऊल यांनी सांगितलेलं ट्रेनिंगमध्ये त्यांच्यासारख्याच कुणाकडून यायला हवं, माझ्यासारखीने सांगून ते पोचत नाही.

आता शिकवायचं कसं त्याबद्दल. भाषण शक्य तितकं कमी, सराव जास्त. आम्ही जोड्या करतो, एक आजोबा होतो, दुसरा भेटायला गेलेला कार्यकर्ता. पहिल्या फेरीत हमखास असं होतं:

"काय बंडोपंत, कसं काय?"
"काय कसं. आता काय राहिलंय. पिकलं पान आमचं."
"छे छे, असं काय बोलता, अजून नातवाचं लग्न बघायचंय! उद्यापासून फिरायला चला बघू, मी बोलावतो. आमच्या शेजारच्यांचं बघा, नव्वदीचे आहेत तरी..."

इथे आम्ही थांबवतो आणि आजोबा झालेल्याला विचारतो, आता तुम्हाला पुढे काही सांगावंसं वाटतंय का? उत्तर नेहमी नाही असं येतं. तीन वाक्यांत दार बंद झालं आणि भेटायला गेलेल्याला वाटतंय आपण धीर दिला. मग तोच प्रसंग परत, ह्या वेळी "पिकलं पान" ऐकल्यावर फक्त एवढंच म्हणायचं, "असं का वाटतंय?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः निवृत्त शिक्षकांना. तो सराव चार-पाच वेळा झाल्याशिवाय जमत नाही.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारायला शिकवा. माणूस जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल तर "जीव द्यावा असा विचार मनात येतो का?" असं सरळ, हळू आवाजात, एकट्यात विचारायचं. विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं ही चुकीची समजूत आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना सुटका झाल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, त्यांना एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं, फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवायला लावायचा, आणि तिथूनच १४४१६ ला फोन लावायचा. ही टेली मानस हेल्पलाइन, सरकारी आहे, २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलं त्रास देतायत, घरातून काढतायत, पेन्शनची अडचण असं असेल तर एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही नंबर विरंगुळा केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, चष्मा न लावता वाचता येतील एवढे.

मांडवीतीर

चाफा यांना अनुमोदन, आणि एक जोडते. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत १४ आज्यांना शिकवून बाकावर बसवलं, दवाखान्याच्या अंगणात, लोक येऊन त्यांच्याशी बोलायचे. पुढे ते देशभर गेलं आणि तपासणीत खरोखर गुण आलेला दिसला. तिथे आज्या मदत घेणाऱ्या नव्हत्या, देणाऱ्या होत्या. तुमच्या सभासदांकडे पण तसंच बघा.

पण ते टिकलं कशामुळे, तर शिकवून सोडून दिलं नाही. वर जाणकार माणूस होता, अडलेल्या केस घेऊन त्याच्याकडे जाता यायचं. माझं स्पष्ट मत असं की पैसे कमी असतील तर दोन दिवसांचं ट्रेनिंग एका दिवसाचं करा, पण दर महिन्याची बैठक सोडू नका. दोन दिवसांत माणूस ऐकायला शिकतो, पण तिसऱ्या आठवड्यात कुणी त्याच्यासमोर ढसाढसा रडतं आणि त्याला रात्री झोप लागत नाही, तेव्हा त्याला कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. ऐकणारी माणसं पण सत्तरीची असतात, त्यांचीही दुःखं वर येतात, एखादी काकू दुसऱ्या विधवेकडे जाऊन आली की चार दिवस स्वतःच्या नवऱ्याची आठवण काढत बसते. महिन्याची बैठक नसली तर सहा महिन्यांत सगळे गळतात, बहुतेक ठिकाणी हेच झालेलं मी बघितलंय.

निवृत्त_बँकर

सगळं वाचलं. चाफा आणि मांडवीतीर यांनी लिहिलेल्या अटी पाळल्या जाणार असतील तर माझा विरोध नाही, उलट मदत करीन. तीन सूचना. गुप्ततेचा नियम तोंडी नको, एका पानावर लिहून प्रत्येक कार्यकर्त्याची सही घ्या, आणि नियम मोडला तर त्याला कामातून काढायचं हे आधीच ठरवा, मग तो कितीही जुना सभासद असो. नोंदवहीत नावं लिहू नका, नंबर लिहा, आणि नंबर कुणाचा ती यादी एकाच माणसाकडे कुलपात. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्यातलं एक अक्षरही नको. आमच्या ग्रुपवर कुणी आजारी पडलं की फोटोसकट येतं आणि खाली चाळीस जण हात जोडतात.

योजना-बँकेच्या कामाला माझ्यासारखे निवृत्त लोक वापरा हे पाऊलवाट यांचं म्हणणं एकदम पटलं. ते मी उद्यापासून करू शकतो.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल कार्यकारिणीत हे सगळं वाचून दाखवलं, सांजपाऊलताईंची पोस्ट वाचताना दोघा-तिघांनी मान खाली घातली, कारण आमच्याकडेही तसे एक गृहस्थ आहेत आणि आम्हीही त्यांना तसंच वागवलंय. त्यांना परत आणायचं ठरलंय.

ठरलेलं असं. सगळ्या संस्थांतून पन्नास-साठ जणांना अर्ध्या दिवसाचं, काय दिसलं तर कुणाला सांगायचं एवढंच. त्यातून आठ जण, पाच बायका तीन पुरुष, त्यांना दोन दिवस सरावाचं, एका दिवसानंतर मध्ये आठवड्याची सुट्टी ठेवून, म्हणजे मधल्या काळात एकेका घरी जाऊन येतील. आशाताई दोन्ही दिवस असतील, बोलणं झालंय. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला पत्र घेऊन सोमवारी जातोय, महिन्यातून एकदा त्यांच्याकडचं कुणी दोन तास आलं तरी पुरे, नाही आलं तर आम्ही आठ जण गाडी करून तिकडे जाऊ. आणि हजेरीच्या वहीतून जे तीन महिने आलेले नाहीत त्यांची यादी काढली, एकतीस निघाले. यातले काही मुलाकडे गेले असतील, बाकीच्यांकडे जोडीने जायचं.

दोन शंका राहिल्यात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी हे एकांतातलं हळू आवाजातलं बोलणं कसं करायचं? आणि घरी गेल्यावर सून समोर बसून राहिली तर?

चाफा

ऐकू न येण्याचं आधी सोडवा, कान तपासणीचा कॅम्प ट्रेनिंगच्या आधीच लावा. कितीतरी लोकांच्या कानात नुसता मळ असतो. मशीन लागलं तर ज्येष्ठांना अशी साधनं देणाऱ्या सरकारी वयोश्री योजनेतून मिळतं का ते निवृत्त_बँकर यांच्यासारख्या कुणाला बघायला सांगा. तोपर्यंत समोर तोंडावर उजेड पडेल असं बसा, ओरडू नका, सावकाश आणि छोटी वाक्यं. एकांत हवा असेल तर घरात न बोलता शेताच्या बांधावर नाहीतर केंद्राच्या मागच्या खोलीत.

पाऊलवाट

सुनेचं मी सांगते. दोघांनी जायचं म्हटलंय ना, मग एकाने सुनेशी बोलायचं, स्वयंपाकघरात, तिचं पण ऐकायचं. बरेचदा तीच जास्त थकलेली असते आणि तिला पण कुणी विचारलेलं नसतं. सासूबद्दल तक्रार ऐकून घेऊन बाहेर सांगायची नाही, हा नियम तिच्यासाठी पण.

दूरदेशी

साहित्याचं राहिलं बरं का. पानं छापणार असाल तर इथून आम्ही पाच-सहा जण मिळून छपाईचा खर्च देतो, संघाचा खाते क्रमांक इथे टाकू नका, मेसेज करा.

कृष्णाकाठचा

मेसेज केलाय. नियमाचं पान आणि सरावाचे प्रसंग निवृत्त_बँकर आणि चाफा बघून देतायत, झालं की तुम्हाला आणि कोकणकडा यांना पाठवतो, त्यांच्या भजनी मंडळासाठी अक्षर मोठं करून.